इंग्रजी वास्तुशब्दांची कुळकथा

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा पाठ)



जुना वाडा उतरवून त्या जागी सदनिकांची इमारत उभी करायची असे ठरले, की घरात एक करारपत्र येते. ते बडोद्यात गुजरातीत असो, इंदुरात हिंदीत असो की बेळगावात कानडीत. त्यातील घराच्या भागांची नावे मात्र सगळीकडे एकच असतात. फ्लॅट, हॉल, बेडरूम, किचन, बाल्कनी, टेरेस, लॉबी. ज्या घरात चार पिढ्या माजघर, ओसरी, सोपा, परसदार हे शब्द वावरले, त्याच घरातील वडीलधारी माणसे या शब्दांखाली सही करतात. मराठी घरातून मराठी बाहेर पडली आणि इंग्रजी राहायला आली, ही खंत वाचनकक्षात वारंवार ऐकू येते. ती खोटी नाही. परंतु निवाडा करण्यापूर्वी एक चौकशी करणे न्याय्य ठरेल. जी भाषा अशी दुसऱ्याच्या घरात येऊन बसली आहे, तिच्या स्वतःच्या घरात कोण कोण राहते?

इंग्रजांचे पूर्वज जे अँग्लो-सॅक्सन, ते लाकडाने बांधणारे लोक होते. त्यांच्या भाषेत बांधणे या क्रियेला जो शब्द होता तो टिंबर या शब्दापासूनच झालेला होता, आणि टिंबरचा मूळ अर्थ इमारत असाच होता. दगडी चर्च उभारले असे सांगतानाही ते क्रियापद हेच वापरीत. या टिंबरच्या मुळाशी जो धातू आहे, त्यातूनच लॅटिनमध्ये घर या अर्थाचा ‘डोमस’ झाला आणि वेदांत ‘दम’ म्हणजे घर हा शब्द आला. त्या घराचे जे दोन धनी, ते दंपती. सुताराच्या वखारीतील टिंबर आणि लग्नपत्रिकेतील दांपत्य ही अशी एकाच कुळातील भावंडे आहेत, हे लाकूड विकणाऱ्याला आणि पत्रिका छापणाऱ्याला सांगूनही खरे वाटणार नाही. इंग्रजीतील डोअर आणि संस्कृतातील द्वार यांचे नाते तर शाळकरी मुलालाही ओळखू येते. हॉल हा शब्दही ‘आच्छादणे’ या अर्थाच्या ज्या धातूपासून निघाला, त्याच धातूशी संस्कृतातील शालेचा संबंध व्युत्पत्तिकोश जोडतात. म्हणजे करारपत्रातला हॉल हा पाठशाळेचा आणि धर्मशाळेचा दूरचा आप्त होय.

दगड, चुना आणि कौल यांची कला या लाकूडकाम्यांना रोमनांकडून मिळाली, आणि कलेबरोबर शब्दही मिळाले. वॉल हा शब्द लॅटिनमधील ‘वॅलम’चा, आणि वॅलम म्हणजे रोमन छावणीभोवतीचा तट. स्ट्रीट म्हणजे फरसबंदी केलेली वाट. टाइल म्हणजे लॅटिनमधील झाकणारी ‘टेग्युला’. किचनही लॅटिनच. यांतील काही शब्द तर या टोळ्यांनी ब्रिटनमध्ये पाऊल ठेवण्यापूर्वी, युरोप खंडावर असतानाच उचललेले होते. रोमन सत्ता इसवी सन ४१० च्या सुमारास ब्रिटनमधून गेली, तेव्हा पक्के बांधणारे हातही गेले. सातव्या शतकात बेनेडिक्ट बिस्कप या मठाधिपतीला मंकवेअरमाउथ येथे दगडी चर्च बांधायचे होते, तेव्हा गवंडी आणि काच बसविणारे कारागीर त्याला समुद्रापलीकडून, गॉलमधून आणावे लागले. बीड या इतिहासकाराने ही हकीकत लिहून ठेवली आहे. ब्रिक हा शब्द तर पंधराव्या शतकात भाषेत दिसू लागतो. रोमनांच्या विटा देशभर मातीत पडलेल्या होत्या. जुन्या विटा उकरून वापरणारे होते. पण नव्या भाजणारे शतकानुशतके नव्हते, म्हणून त्या नावाची गरजही कोणाला भासली नाही.

खिडकी या एका वस्तूपाशी थोडे थांबणे भाग आहे, कारण तिच्या नावांत माणसाची कल्पनाशक्ती जितकी दिसते तितकी घराच्या दुसऱ्या कोणत्याही भागात दिसत नाही. जुन्या इंग्रजीत खिडकीला जो शब्द होता त्याचा अर्थ होतो डोळ्याचे छिद्र. नवव्या शतकात स्कँडिनेव्हियातील लोक, ज्यांना व्हायकिंग म्हणतात, ते इंग्लंडवर चालून आले आणि पुढे तेथेच शेती करून राहिले. त्यांच्या भाषेत खिडकी म्हणजे ‘विंडआउगा’, वाऱ्याचा डोळा. तोच आजचा विंडो. काच नव्हती तेव्हा भिंतीतले किंवा छपरातले ते भोक धूर बाहेर सोडी आणि वारा आत घेई. पाहण्यासाठी ते फारसे नव्हतेच. जर्मन भाषेने लॅटिनमधील ‘फेनेस्ट्रा’ घेतला. तो इंग्रजीतही काही शतके नांदला, पण या नॉर्स शब्दापुढे टिकला नाही. आता संस्कृताकडे पाहावे. वातायन म्हणजे वाऱ्याची वाट. गवाक्ष म्हणजे गाईचा, बैलाचा डोळा. वारा आणि डोळा ही दोन्ही अंगे येथेही आहेत, दोन निरनिराळ्या शब्दांत विभागलेली. त्याहून नवल असे की फ्रेंच वास्तुकारांनी गोल किंवा लंबगोल झरोक्याला जे नाव दिले त्याचाही अर्थ बैलाचा डोळा असाच आहे. चैत्यगृहे कोरणाऱ्या शिल्प्यांची आणि फ्रान्सच्या राजवाड्यांतील कारागिरांची गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता. भिंतीतून आपल्याकडे कोणीतरी पाहत आहे, ही भावना मात्र दोघांनाही झाली.

मराठीतील खिडकी या शब्दाला डोळाही नाही आणि वाराही नाही. ती मुळात लहानसे दार होती, बाजूचे किंवा मागचे. गंमत अशी की पोर्तुगीज ‘जानेला’ हाही लॅटिनमधील दारवाचक शब्दाचाच लघुरूपी वंशज आहे. म्हणजे तोही लहानसे दारच. तो शब्द गोव्यात जनेल होऊन कोकणीत राहिला, आणि त्याच्याबरोबर राहिल्या शिंपल्यांच्या पातळ पापुद्र्यांनी भरलेल्या त्या खिडक्या, ज्यांतून उजेड येतो पण ऊन येत नाही. खिडकीला काच बसली तेव्हा मराठीने तावदान हा फारसी शब्द वापरात आणला. त्याचा अर्थ उजेडाचे स्थान. वारा, डोळा, दार, उजेड. एका भोकाची चार नावे, आणि प्रत्येक नाव त्या त्या लोकांना त्यातून काय हवे होते ते सांगते.

१०६६ मध्ये नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम इंग्लंड जिंकून राजा झाला. त्यानंतर दोन-तीन शतके बांधविणारा फ्रेंच बोलत होता आणि बांधणारा इंग्रजी. या विभागणीची खूण आजही शब्दांवर आहे. हाउस, होम, रूफ, फ्लोअर, डोअर, थॅच, बीम हे शब्द खालच्या माणसाचे. पॅलेस, मॅन्शन, चेंबर, पिलर, आर्च, व्हॉल्ट, चिमनी हे वरच्या माणसाचे. बीम म्हणजे मुळात झाड, आणि रूम म्हणजे नुसती मोकळी जागा. ज्याच्या घरात एकच जागा होती त्याला तिचे वेगळे नाव ठेवण्याचे कारण नव्हते. उलट पार्लर म्हणजे बोलण्याची खोली. मठात जेथे मौन सोडण्याची मुभा असे, ती जागा. (मराठीत हा शब्द केवळ सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानाला लागला, बोलण्याचा भाग तेथेही सुटला नाही एवढेच.) डंजन हा शब्द तर एखाद्या संस्थानाच्या उदयास्तासारखा आहे. फ्रेंचमध्ये तो धन्याचा बुरूज होता, किल्ल्यातील सर्वांत उंच आणि भक्कम जागा. इंग्रजीत तो उतरत उतरत जमिनीखाली गेला आणि अंधारकोठडी झाला. मराठीतील तुरुंगही परका आहे. पोर्तुगीजांचा ‘ट्रोंको’ म्हणजे झाडाचा बुंधा, आणि त्यावरून कैद्याचे पाय अडकविण्याचा खोडा. पायातली वस्तू मराठीत येऊन इमारत झाली.

आर्च आणि कमान हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. आर्च हा लॅटिनमधील धनुष्यवाचक शब्दापासून आला. कमान हा फारसी शब्द, आणि त्याचाही अर्थ धनुष्यच. बांधकामातील ही युक्ती ज्यांनी पाहिली त्यांना ताणलेले धनुष्यच आठवले. मजला आणि स्टोरी यांची गोष्ट मात्र उलट आहे. तेथे दोन्ही भाषांनी इतके वेगळे रस्ते धरले, की एकाच वस्तूची ही नावे आहेत हे विसरायला व्हावे. इंग्रजी स्टोरी म्हणजे मजला, आणि स्टोरी म्हणजे गोष्ट; लेखनात आज एका अक्षराचा भेद केला जातो, पण दोन्हींचे मूळ लॅटिनमधील ‘हिस्टोरिया’ हेच. इमारतीच्या दर्शनी भागावर चित्रांच्या किंवा मूर्तींच्या रांगा एकीवर एक असत, आणि प्रत्येक रांग एक कथा सांगे, त्यावरून मजल्याला हे नाव पडले असावे असा तर्क केला जातो. मराठी मजला अरबी ‘मंझिल’चा. मंझिल म्हणजे वाटेत उतरण्याचे ठिकाण. मजल दरमजल करीत फौजा ज्या मजला मारीत त्या याच. म्हणजे जिना चढून दुसऱ्या मजल्यावर जाणारा मराठी माणूस भाषेच्या हिशेबाने दोन मुक्काम करतो, तर इंग्रज दोन गोष्टी ऐकतो. सात मजल्यांचा इंदूरचा राजवाडा, खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे, या दृष्टीने पाहिला तर सात मुक्कामांचा प्रवास होय. १९८४ च्या दंगलीत त्यातील काही मुक्काम आगीत गेले.

सोळाव्या शतकात इंग्रजांना इटलीची ओढ लागली. जॉन शूट नावाच्या चित्रकाराला नॉर्थम्बरलंडच्या ड्यूकने १५५० मध्ये इटलीतील इमारती पाहण्यासाठी पाठविले. त्याने १५६३ मध्ये वास्तुविद्येवरील इंग्रजी भाषेतील पहिले पुस्तक छापले आणि त्यावर स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेतले. हा शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ सुतारांचा मुख्य एवढाच आहे. त्यातील ‘टेक्टॉन’ आणि संस्कृतातील ‘तक्षन्’ हे एकच. भारतीय शिल्पशास्त्राच्या ग्रंथांत स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी आणि तक्षक असे चार कारागीर सांगितले आहेत. त्यांतील तक्षकाला ग्रीसमध्ये बढती मिळाली आणि तो स्थपती झाला, असे म्हणता येईल. शूटच्या मागोमाग इनिगो जोन्स आला, आणि पोर्टिको, बाल्कनी, पियाझा, व्हिला, क्युपोला हे शब्द शिष्ट इंग्रजीत रुळले. त्यांतील पियाझा या शब्दाचे लंडनकरांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. जोन्सने १६३० च्या दशकात कॉव्हेंट गार्डन येथे इटलीच्या धर्तीवर चौक आखला आणि त्याच्या कडेने कमानींचा झाकलेला रस्ता ठेवला. इटलीत पियाझा म्हणजे चौक. लंडनकरांना तो त्या कमानींखालच्या रस्त्याचा शब्द वाटला, आणि तोच अर्थ रूढ झाला. परकी वस्तू चुकीच्या नावाने ओळखण्यात कोणत्याही एका जातीची मिरासदारी नाही. बाल्कनीची कथा याहून वेगळी. इटालियन भाषेत ती ज्या शब्दापासून झाली तो मुळात जर्मन टोळ्यांचा, तुळई या अर्थाचा शब्द होता. भिंतीबाहेर काढलेल्या तुळयांवरचा सज्जा तो बाल्कनी. उत्तरेतून दक्षिणेत गेलेली तुळई इटलीची शोभा घेऊन इंग्लंडमध्ये परत आली आणि तिला कोणी ओळखले नाही.

न ओळखण्याचे प्रकार आणखीही आहेत. फ्रेंचमधून ‘अपेंटिस’ हा शब्द आला. त्याचा अर्थ मोठ्या भिंतीला टेकून काढलेले उतरते छप्पर, म्हणजे नेमकी मराठीतली पडवी. इंग्रज कानाला त्यात हाउस ऐकू आले आणि तो पेंटहाउस झाला. विसाव्या शतकात तो शब्द उंच इमारतींच्या गच्चीवर जाऊन बसला. आज पेंटहाउस घेणारा जो पैसा मोजतो तो शब्दाच्या इतिहासाप्रमाणे पडवीचा मोजतो. बेलफ्राय म्हणजे घंटाघर. परंतु त्यात बेल मुळीच नव्हती, तो वेढ्याच्या वेळी तटाला लावण्याचा फिरता लाकडी बुरूज होता. घंटा नंतर कानाने टांगली. मराठीनेही चिमनी ऐकून चिमणी केली. गिरणीच्या भोंग्याशेजारची ती उंच नळी आणि कंदिलावरची काच, दोन्हींना पाखराचे नाव मिळाले आणि ते इतके शोभले, की हा शब्द ग्रीक भट्टीपासून निघून फ्रान्समार्गे आला आहे हे सांगावे लागते. लॉबी, लॉज आणि इटालियन ‘लॉज्जा’ हे तिन्ही शब्द ज्या जुन्या जर्मन शब्दापासून आले, त्याचा मूळ अर्थ बहुधा पानांचा मांडव असा होता. संगमरवरी लॉबीतून ये-जा करणाऱ्यांना आपण पर्णकुटीतून जात आहोत याची कल्पना नसते.

आता त्या शब्दांकडे वळावे जे इंग्रजांनी या देशातून उचलले, कारण कर्जाची वही एकाच बाजूने लिहिलेली नाही. सतराव्या शतकात बंगालमध्ये आलेल्या कंपनीच्या नोकरांना तेथे वाकलेल्या छपराची, गवताने शाकारलेली साधी घरे दिसली. ‘बांगला’ म्हणजे बंगालचे. ते वाकलेले छप्पर मोगलांनाही आवडले होते. शहाजहानने ते आग्र्याच्या आणि लाहोरच्या किल्ल्यांत संगमरवरात घडविले. इंग्रजांनी मात्र छपराचा बाक सोडून दिला. त्यांनी बैठेपण, भोवतालचा ओटा आणि मोकळे आवार घेतले, आणि छावणीतील गोऱ्या अधिकाऱ्याचे घर ते बंगलो झाले. १८६९-७० मध्ये इंग्लंडच्या केंट परगण्यात वेस्टगेट येथे समुद्रकाठी जॉन टेलर या वास्तुविशारदाने या नावाची घरे बांधली. शेजारच्या बर्चिंग्टन येथेही ती उभी राहिली. कवी आणि चित्रकार दान्ते गॅब्रिएल रोझेटी याने १८८२ मध्ये अखेरचा श्वास घेतला तो बर्चिंग्टनच्या बंगलोतच. पुढे इंग्लंडमध्ये हा शब्द खाली आला. जिना चढवत नाही अशा निवृत्त माणसाचे लहानसे बैठे घर, एवढाच त्याचा अर्थ उरला. मराठीत तो वर गेला. बंगला म्हणजे धनिकाचे स्वतंत्र घर, मग ते दुमजली का असेना. लहान असेल तर बंगली. बंगालच्या शेतकऱ्याची झोपडी केंटमध्ये पेन्शनीत निघाली आणि पुण्यामुंबईत श्रीमंत झाली.

व्हरांड्याविषयी वाद जुना आहे. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या आंग्ल-भारतीय शब्दांच्या कोशात त्याची चर्चा आहे. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीच्या पोर्तुगीज वृत्तांतातच तो शब्द येतो, त्यामुळे पोर्तुगीजांनी तो हिंदुस्थानात शिकला असे म्हणणे कठीण जाते. इंग्रजांनी मात्र तो येथेच घेतला आणि जगभर नेला. गोडाऊनचा प्रवास उलट दिशेने झाला. तेलुगू-तमिळमधील साठवणीच्या जागेचा शब्द मलाया द्वीपकल्पात गेला, तेथून युरोपीय व्यापाऱ्यांच्या जिभेवर बसून परत आला आणि मराठीत गुदाम झाला. मराठीची स्वतःची वखार तोपर्यंत भरलेलीच होती. आणि चाळ हा शब्द तर निखळ येथला. रांगेने असलेल्या खोल्या, एवढा साधा त्याचा अर्थ. मुंबईच्या इंग्रज अधिकाऱ्यांना गिरणी कामगारांच्या वस्तीसाठी इंग्रजीत शब्द सापडला नाही, म्हणून सरकारी कागदांत चाळ आली. १९२० च्या दशकात मुंबईच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे ज्या २०७ इमारती बांधल्या, त्या इंग्रजी दप्तरातही चाळी म्हणूनच नोंदल्या गेल्या. राहणाऱ्याची भाषा बांधविणाऱ्याने घेतली, असे उदाहरण या सर्व इतिहासात विरळा आहे.

या शहराला ज्या शब्दाशी रोज डोळ्याने गाठ पडते तो इंडो-सारासेनिक. लक्ष्मीविलास राजवाड्याचे वर्णन करताना तो हटकून येतो. राजवाड्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. ते १८८१ मध्ये वारले आणि रॉबर्ट चिझम यांनी काम पुरे केले. १८९० मध्ये वास्तू तयार झाली. सारासेन हे क्रूसयुद्धांच्या काळात युरोपीयांनी मुसलमानांना दिलेले नाव. जेम्स फर्ग्युसन यांनी १८७६ च्या आपल्या इतिहासग्रंथात भारतातील मुसलमानी वास्तूंसाठी ते वापरले, आणि पुढे घुमट, छत्र्या, कमानी, झरोके यांचे इंग्रज अभियंत्याने केलेले मिश्रण त्या नावाने ओळखले जाऊ लागले. गॉथिक हा शब्दही असाच. इटलीच्या व्हासारीने सोळाव्या शतकात तो दोष गॉथ लोकांच्या माथी मारला, आणि शिवी म्हणून तो रूढ झाला. लंडनचे सेंट पॉल बांधणाऱ्या क्रिस्टोफर रेनचे मत तर असे होते की, या शैलीला गॉथिक न म्हणता सारासेनिक म्हणावे. १८१७ मध्ये टॉमस रिकमन याने इंग्लंडच्या मध्ययुगीन वास्तूंचे कालानुसार वर्ग पाडले आणि शिवीचे शास्त्र झाले. लक्ष्मीविलास बांधणाऱ्या सुतार-पाथरवटांनी आपण सारासेनिक काम करीत आहोत असे म्हटले असेल, हे संभवत नाही. घडविणाऱ्याच्या तोंडी नसलेले नाव वास्तूला कायमचे चिकटते, आणि घडविणाऱ्याचे शब्द त्याच्याबरोबर जातात.

खंतीचे खरे कारण येथे आहे. इंग्रजीने जेवढे उसने घेतले तेवढे क्वचितच कोणत्या भाषेने घेतले असेल. परंतु हाउस, डोअर, रूफ, फ्लोअर हे तिने कधी सोडले नाहीत. मराठीचेही दार, भिंत, छप्पर, उंबरठा जागच्या जागी आहेत. बाल्कनी किंवा फ्लॅट आल्याने त्यांना धक्का लागलेला नाही. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करविला, त्यात दुर्गवर्ग हा स्वतंत्र भाग आहे. तरीही किल्ला, बुरूज आणि दरवाजा लोकांनी टाकले नाहीत, आणि त्यामुळे मराठी लहान झाली नाही. सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने झालेला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ १९३१ मध्ये बडोद्यात निघाला. इंग्रजी शासकीय शब्दांना अनेक भारतीय भाषांतील पर्याय देणारा असा ग्रंथ कोणत्याही ग्रंथालयाला भूषण आहे. परंतु कोश भरतो तो कचेरीच्या शब्दांनी. सुताराचे शब्द कचेरीत जात नाहीत.

काही शब्द स्वतःच मार्ग काढतात. ओटा घरापुढून उठला आणि स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीखाली जाऊन बसला. माळा पोटमाळ्याएवढा झाला, तरी आहे. मोरी, कोनाडा, देवघर यांनी आपापले कोपरे धरून ठेवले आहेत. पण उथळे म्हणजे लाकडी खांबाखालचा दगड, आढे म्हणजे छपराच्या कण्याचे लाकूड, बळद म्हणजे भिंतीतील धान्याची पोकळी, माळवद, ढेलज, अगळ, कोयंडा, वळचण. यांना सदनिकेत जागा नाही. त्या वस्तूच गेल्या. महाराष्ट्रात एखाद्या खेड्यात त्या सापडतील आणि नावेही सापडतील. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर येथे मात्र ती नावे दोन-चार पेठांतील वाड्यांपुरतीच होती. बाजारात ती बोलली जात नव्हती, शाळेत शिकविली जात नव्हती. वाडा हाच त्यांचा शब्दकोश होता. तांबेकर वाडा भित्तिचित्रांमुळे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली राहिला. ज्यांच्या भिंती कोऱ्या होत्या त्या वाड्यांना असे संरक्षण नाही.

म्हणून एक साधी सूचना. शताब्दीनिमित्त वाचनकक्षात एक कोरी वही ठेवावी. ज्या सभासदांचे वाडे अजून उभे आहेत त्यांनी घराच्या प्रत्येक भागाला, लाकडाला, कडी-कोयंड्याला घरात जे म्हणतात ते लिहावे. गुजराती सुतार त्याच वस्तूला काय म्हणत तेही शेजारी लिहावे, कारण बडोद्याच्या वाड्यावर हात दोघांचेही आहेत. शुद्धाशुद्धाचा विचार नंतर करता येईल.

वहीची सुरुवात ‘खण’ या शब्दाने व्हावी. जुने घर चौरस फुटांत मोजले जात नसे, खणांत मोजले जाई. दोन तुळयांमधले, दोन खांबांमधले अंतर तो खण. पाच खणांचे घर, दोन खणी माजघर असे बोलत. मध्ययुगीन इंग्लंडमधील लाकडी घरेही अशीच मोजली जात. तेथील शब्द होता ‘बे’, आणि त्याचा मूळ अर्थ मोकळा वासलेला भाग. दोन्ही देशांत घराचे माप लाकडाच्या लांबीने ठरवले. जेवढे झाड तेवढी तुळई, जेवढी तुळई तेवढा खण, आणि जेवढे खण तेवढे घर. इंग्लंडमधील जुनी लाकडी घरे मोजणारे अभ्यासक आजही ती बे मोजूनच सांगतात. बडोद्याच्या जुन्या खरेदीखतांत खण असतील तर ते शोधून त्यांची नक्कल वहीला जोडावी, आणि शक्य झाल्यास त्या घराच्या खांबांची उथळी अजून जागेवर आहेत का, हेही कोणीतरी जाऊन पाहून यावे.